डोंगराचे पाणी, खोऱ्याचे मीठ

दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या बँकेची शाखा होती. तिथे माझी बदली झाली तेव्हा ऐंशीचे दशक अर्धे सरले होते. रुजू झालो त्या सकाळी शिपायाने चहा आणून ठेवला. पहिला घोट घेतला आणि मी कपात पाहिले. चहा बिघडला होता असे नाही. पण साखर आणि मीठ दोन्ही एकाच कपात पडल्यासारखी चव होती. शिपाई माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "साहेब, हे इथलं पानी आहे. आठ दिवसांत सवय होते."

सवय झाली नाही. त्या गावात साबणाला फेस येत नसे, तुरीची डाळ तासभर शिजवली तरी दाण्यासारखी राही, आणि पाहुणा आला की घरातली बाई पाण्याचा तांब्या पुढे करताना आधी माफी मागे. 'मचूळ' हा शब्द मी शाळेत असताना ऐकला होता. त्याचा अर्थ मला त्या गावाने शिकवला. आसपासच्या गावांत उघड म्हणत, की खारपाणात पोरगी देऊ नये, तिचा जन्म पाणी वाहण्यात जातो.

तिथल्याच एका वयस्क शेतकऱ्याची गोष्ट मी विसरू शकलेलो नाही. विहीर खणायला त्याला कर्ज हवे होते. कागदपत्रांवरून ते देता येत नव्हते, कारण गाव खारपाणपट्ट्यातले. मी नाही म्हटले. त्याने बायकोचे दागिने मोडले आणि स्वतःच्या पैशाने खणायला घेतली. काही महिन्यांनी तो शाखेत आला, टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, पानी लागलं." मी अभिनंदन करायला हात पुढे केला. त्याने हात हातात घेतला नाही. "पन थे पानी नोहे. मीठ होय."

त्याच्या शेतातून, हवा स्वच्छ असली म्हणजे, उत्तरेला गाविलगडची निळी रांग दिसत असे. त्या डोंगरावर वऱ्हाडातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो. तिथून निघालेले नदी-नाले त्याच्याच तालुक्याच्या दिशेने उतरतात. डोंगरात ते पाणी गोड, पायथ्याला गोड, आणि त्याच्या विहिरीत मीठ. मधल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये पाण्याचे काय होते? निवृत्तीनंतर मला वेळ मिळाला आणि या प्रश्नाचा मी जमेल तसा माग काढला.

उत्तर असे, की पाण्याला स्वतःची चव नसते. ते ज्या दगडातून, ज्या मातीतून आणि जितका वेळ वाहत येते, तिची चव घेऊन येते. आकाशातून पडणारा थेंब सगळीकडे जवळजवळ सारखाच. पुढचा सगळा फरक जमिनीचा.

मेळघाटापासून सुरुवात करू. वैराट हे तिथले सर्वोच्च ठिकाण, समुद्रसपाटीपासून ११७८ मीटर उंच. चिखलदरा त्याच्या जवळच. हा सगळा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. काळा पाषाण पाणी फारसे साठवत नाही. भेगांतून आणि दोन थरांच्या मधल्या फटीतून पाणी खाली झिरपते; जिथे मध्ये तांबड्या मातीचा घट्ट थर लागतो तिथे अडते आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते. हाच आपला झरा. पाणी दगडात फार काळ राहिलेले नसते, त्यामुळे चुना आणि मॅग्नेशियम थोडेसे घेते, एवढेच. चवीला असे पाणी उत्तम. पण साठा लहान असल्यामुळे होळी झाली की बरेच झरे बसतात, आणि ज्या डोंगराने खालच्या मुलखाला पाणी द्यायचे त्याच डोंगरातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरचे पाणी विहिरीत ओतायचे आणि बायाबापड्यांनी दोर-बादल्या घेऊन काठावर तुटून पडायचे, हे खडीमलचे दृश्य वर्तमानपत्रांतून अनेक उन्हाळे छापून आले आहे.

डोंगर संपतो तिथे खरी गंमत आहे. सातपुड्याचा दक्षिणेकडचा कडा जमिनीतल्या एका मोठ्या भेगेवर उभा आहे. भेगेच्या उत्तरेला डोंगर आणि दक्षिणेला खचलेली, पुढे गाळाने भरून आलेली पूर्णेची खोरे-जमीन. कड्यावरून हजारो वर्षे पाण्याबरोबर दगड, गोटे, वाळू खाली आली आणि पायथ्याला पंख्यासारखी पसरली. असे पंखे एकमेकांना लागून डोंगराच्या पायाशी एक सलग पट्टा तयार झाला आहे. भूवैज्ञानिक त्याला 'बझाडा' म्हणतात आणि आता आपल्याकडचे शेतकरीही तोच शब्द वापरतात. अचलपूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या तालुक्यांचा उत्तरेकडचा भाग या पट्ट्यात येतो. पावसाळ्यात डोंगरातून धावत आलेला नाला इथे पोचला की पाहता पाहता त्याचा जोर ओसरतो. पाणी गोट्यांमध्ये जिरते. वरून कोरडी दिसणारी ही दगडांची रास आतून पाण्याची कोठी आहे.

दगडांच्या राशीत पाणी साठते ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. हिमालयात, आल्प्समध्ये, अँडीजमध्ये फार उंचावर दगडधोंड्यांच्या अशाच राशी असतात. फरक इतकाच, की त्यांच्या पोटात पाण्याऐवजी बर्फ असतो. बर्फ आणि दगड यांचे हे मिश्रण उतारावरून अगदी सावकाश, वर्षाला थोडे थोडे, खाली सरकत राहते. त्यांना दगडी हिमनद्या म्हणतात. वरून पाहिले तर बर्फ दिसतच नाही, फक्त दगड दिसतात; आणि दगडांनी पांघरूण घातल्यामुळेच आतला बर्फ उघड्या हिमनदीपेक्षा जास्त काळ टिकतो. त्यांच्या पायथ्याला झरे फुटतात. पाणी थंडगार, काचेसारखे नितळ. जगात ऊन वाढते आहे आणि उघड्या हिमनद्या आटत आहेत, तेव्हा पुढे या दगडी हिमनद्यांचे पाणी कामी येईल, अशी आशा अनेक ठिकाणी धरली जाते.

त्या आशेला एक धक्का बसला. इटलीच्या उत्तरेला, दक्षिण टायरॉलच्या डोंगरात रासास नावाचे एक लहानसे तळे आहे. दगडी हिमनदीचे पाणी त्यात उतरते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी दाखवले, की दोन दशकांत त्या तळ्याच्या पाण्यातले क्षार इतके वाढले की त्याची विद्युतवाहकता अठरा पट झाली. त्यापुढची गोष्ट अधिक गंभीर. पाण्यात निकेल हा धातू पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहा पटींहूनही अधिक निघाला. आसपास कारखाना नाही, गाव नाही, शेत नाही. ऊन वाढल्याने दगडांमधला बर्फ वितळू लागला आणि त्याबरोबर क्षार आणि धातू पाण्यात उतरू लागले. सगळ्याच दगडी हिमनद्यांचे पाणी असे असते असे नाही. ते त्या त्या डोंगराच्या दगडावर अवलंबून असते. पण कोणी ओंजळीत घेऊन 'काय अमृत आहे' म्हणावे असे ते पाणी, आणि त्यात निकेल! डोळा आणि जीभ दोघांनाही त्याचा पत्ता लागणार नाही.

आपल्या काळ्या पाषाणाने आपल्याला या संकटापासून वाचवले आहे, एवढे त्याचे उपकार मानायला हरकत नाही. गाविलगडच्या पायथ्याचे पाणी मुळात गोड आहे. मग ते खाली येऊन खारट का होते?

गावात विचारले तर सांगतात, की फार पूर्वी इथे समुद्र होता. अभ्यासकांचा कल वेगळ्या उत्तराकडे आहे. पायथ्यापासून जसजसे दक्षिणेला पूर्णेकडे यावे तसतसे गोटे संपतात, वाळू संपते आणि बारीक चिकण गाळ सुरू होतो. या गाळाची जाडी ठिकठिकाणी शेकडो मीटर आहे. गोट्यांतून धावणारे पाणी चिकणमातीत जवळजवळ थांबते. पूर्वी कधीतरी हवामान कोरडे असताना पाण्याची वाफ होत गेली आणि क्षार गाळात मागे उरले. आज जमिनीखाली थांबलेले पाणी त्या जुन्या क्षारांत मुरते आहे. बझाड्यात पाण्याचा मुक्काम थोडा आणि वाट मोकळी. खोऱ्याच्या मध्यात मुक्काम लांबच लांब आणि वाट बंद. माझ्या त्या शेतकऱ्याची विहीर या बंद वाटेवर खणलेली होती.

हे काही आज कळलेले नाही. १८६९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या वाइन नावाच्या अधिकाऱ्याने पूर्णेच्या खोऱ्यावर टिपण छापले होते. त्या काळापर्यंत अकोल्याच्या उत्तरेला विहिरींचे खारे पाणी काढून त्यापासून मीठ पाडण्याचा धंदा चालत असे. ज्या पाण्याचे मीठ करून विकता येते तेच पाणी पिऊन माणसांनी पिढ्या काढल्या, याची नोंद मात्र कोणत्याही टिपणात ठळक अक्षरांत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून शेकडो गावे या पट्ट्यात येतात. राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ साली सुरू केलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात कोरडवाहू गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातल्या सुमारे हजार खारपाण गावांना वेगळे स्थान दिले, त्यावरून व्याप्ती कळावी.

आता जिभेला न कळणाऱ्या गोष्टींकडे येऊ. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. खारपाणातल्या पुष्कळ विहिरी ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. या पट्ट्यातल्या गावागावांत मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेल्या माणसांची नावे लोक बोटांवर मोजून सांगतात आणि दोष पाण्याला देतात. वैद्यकशास्त्र एवढे चटकन बोट दाखवत नाही. मूत्रपिंड बिघडायला मधुमेह, रक्तदाब, उन्हातली मेहनत, दुखण्याच्या गोळ्या, पाण्यातले इतर घटक अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण ज्याच्या घरात डायलिसिसची फाइल आहे त्याला हा युक्तिवाद ऐकवण्यात अर्थ नाही. त्याला चांगले पाणी हवे आहे, आणि तो मागतो त्यात काही चूक नाही.

खारट पाणी निदान जिभेला सावध करते. नायट्रेट तेवढेही करत नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. खतांतून, गोठ्यांतून, शोषखड्ड्यांतून ते जमिनीत उतरते, आणि बझाड्यासारख्या सच्छिद्र जमिनीत लवकर उतरते. जी जमीन गोडे पाणी पटकन आत घेते ती घाणही तितक्याच पटकन आत घेते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटचा त्रास ठळक असलेल्या जिल्ह्यांमध्ये अमरावती आणि बुलढाणा ही नावे आहेत. चव गोड, दिसायला नितळ, आणि तान्ह्या मुलाला अपायकारक, असे पाणी आपल्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत असू शकते.

आणि डोंगराचे काय? जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली. नळयोजनेची वीज बिल थकल्याने तोडलेली होती. लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी भरले. पावसाने त्यात घाण आणलेली. कितीतरी माणसे आजारी पडली आणि काहींचे प्राण गेले. दगडाने चांगले दिलेले पाणी शेवटच्या शंभर पावलांत माणसांच्या हलगर्जीपणाने विषारी झाले. डोंगराचे पाणी शुद्धच असते ही आपली भाबडी समजूत आहे. सहलीला गेल्यावर ती परवडते, तिथे राहणाऱ्यांना परवडत नाही.

खारपाणाची तहान भागवायला शेवटी डोंगराचेच पाणी लागले. मेळघाटात उगम पावणाऱ्या वान नदीवर वारी भैरवगडाजवळ धरण झाले. सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर पाणी त्यात मावते. तिथून अकोट आणि तेल्हारा तालुक्यांसाठी चौऱ्याऐंशी खेडी योजना निघाली. तिकडे अंजनगावजवळच्या शहानूर धरणातून दर्यापूरच्या बाजूला नळ गेले. माझ्या जुन्या शाखेच्या गावात आज गोडे पाणी येते. रोज नाही, पण येते. त्या गावात तुरीची डाळ शिजू लागली, ही माझ्या लेखी कुठल्याही पुलाच्या उद्घाटनापेक्षा मोठी घटना आहे.

मात्र गोडे पाणी एक आणि मागणारे अनेक. अकोला शहराला, बाळापूरकडच्या गावांना वानचे पाणी द्यायचे म्हटले की तेल्हाऱ्याचा शेतकरी विचारतो, आमचे ओलित बुडवून का? धरण आमच्या दारात, सिंचनासाठी म्हणून बांधलेले. त्याचेही खरे. उलट बाळापूरकडचा माणूस म्हणतो, तुम्हाला पिकाला पाणी हवे, आम्हाला पोटाला. त्याचेही खरे. एकोणसत्तर गावांच्या योजनेला स्थगिती मिळाली तेव्हा, एप्रिल २०२३ मध्ये, बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरला तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या घराकडे पायी निघाले. पोलिसांनी त्यांना नागपूरजवळ अडवले. त्यातले राजकारण ज्याने त्याने आपल्या परीने समजून घ्यावे. मला त्यात दिसले ते एवढेच, की शंभर वर्षांहून अधिक काळ मुकाट्याने प्यालेले पाणी पहिल्यांदाच टँकरमध्ये बसून राजधानीच्या वाटेला लागले होते.

या भांडणात एक तिसरा पक्ष आहे, तो कधी मोर्चा काढत नाही. तो म्हणजे बझाडा. धरणातले पाणी दिसते, म्हणून त्याच्या एकेका थेंबावर वाद होतो. गोट्यांच्या राशीतले पाणी दिसत नाही, म्हणून ते कोणीही कितीही काढतो. संत्रा, केळी, पानमळे यांनी या पट्ट्याला वैभव दिले. तिथल्या शेतकऱ्याने लुटले असे मी म्हणणार नाही. त्याच्या बागेला मीही कर्ज मंजूर केले आहे आणि हप्ते वेळेवर आलेले पाहिले आहेत. पण विहिरींच्या जागी बोअर आले, बोअर शेकडो फूट खोल गेले, आणि तरीही एप्रिलमध्ये बागा वाळतात. बँकेत ज्याने आयुष्य काढले त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. व्याज खाऊन भागले नाही की माणूस मुद्दलाला हात घालतो, आणि पुढे व्याजही आटते.

यावर एक मोठा उपाय अनेक वर्षे बोलला जात होता: तापीचे पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यांतून नेऊन या बझाड्यात जिरवायचे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या मुख्यमंत्र्यांनी तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. अपेक्षित खर्च एकोणीस हजार कोटींच्या पुढे. कल्पना जमिनीच्या स्वभावाला धरून आहे, यात शंका नाही; जिथे पाणी मुळात जिरते तिथेच ते जिरवायचे. पण मघाची गोष्ट इथेही लागू पडते. बझाडा जे पाणी पितो त्याबरोबर जे येईल तेही पितो. पुनर्भरणाचा हिशेब दशलक्ष घनमीटरमध्ये मांडताना पाणी कसे आहे याचा रकाना रिकामा राहिला, तर आपण आपल्या कोठीत स्वतःच्या हाताने नायट्रेट भरू. आणि एवढी मोठी योजना उभी राहीपर्यंत नाल्यांवरचे छोटे बंधारे, जुनी गावतळी आणि वरच्या जंगलातली झाडोरा धरलेली माती यांना कोणी हात लावू नये, ही साधी गोष्टही कुठल्या करारात लिहिलेली नसते.

एक लहान गोष्ट सांगून थांबतो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. त्यासाठी छोटी पेटी मिळते. तिच्यात बाटल्या, नळ्या, रंगांचे तक्ते. गेल्या हिवाळ्यात अंजनगावच्या उत्तरेला एका नातेवाइकाच्या मळ्यात गेलो होतो. तिथल्या एका सुनेने मला विहिरीचे पाणी तपासून दाखवले. नळीत थेंब टाकले, हलवली आणि तक्त्याशी रंग ताडून पाहू लागली. सासरे बाजूला उभे होते. म्हणाले, "काहून तपासतं वो, आपल्या विहिरीचं पानी साखरेवानी गोड आहे." ती मान वर न करता म्हणाली, "गोड आहे थे मालूम आहे, मामाजी. चांगलं आहे का थे पाह्यतो."

तिच्या नळीत नायट्रेटचा रंग मर्यादेच्या अलीकडे होता, पण फार अलीकडे नव्हता. तिने तो वहीत लिहून ठेवला, तारखेसकट. मला माझा तो दर्यापूरचा शेतकरी आठवला. त्याच्या काळी अशी वही असती, आसपासच्या दहा विहिरींचे पाणी त्यात नोंदलेले असते, तर बायकोचे दागिने मोडण्यापूर्वी त्याला कोणीतरी सांगू शकले असते. मी नियमावर बोट ठेवून नाही म्हटले होते, पण का नाही, हे मलाही तेव्हा सांगता आले नव्हते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पायाखालच्या मातीत होते, आणि ते वाचण्याचे साधन आज एका सुनेच्या हातातल्या पेटीत आले आहे. ती पेटी कपाटात कुलूपबंद पडू नये, एवढे तरी आपण पाहायला हवे.